ऐरण

जीप थेट भट्टीपाशी थांबली.
शिडीचा आकडा वाकलेला, साक्रीत सकाळपासून लाईट नाही,
आणि आमच्या भट्टीला लाईट लागत नाही.

माळावर पवनचक्क्या उभ्या, पाती बांधलेली.
उतरले दोघं. टॉर्किल, डेन्मार्कचा, उन्हानं बिटासारखा.
एइनो फिनलंडचा, बाभळीखाली सरकत.
मी नववी पास, म्हणून मध्ये उभी.

बापानं आकडा निखाऱ्यात सारला,
मी भाता ओढला, आईनं घण उचलला.
आमच्यात घण बाई मारते.

सांडशी न सोडता बाप म्हणाला,
"इचार त्याले, त्यास्ना गावमा लोखंडले काय म्हंतस?"

"येर्न."

बाप एवढा हसला की डाग थंड झाला.
"आरे, ती त ऐरन शे! लोखंड इचारं मी."
तो म्हणे येर्न.
बाप हातोडी आपटून: ऐरन.

मग टॉर्किल बोटं मोजू लागला.
नॉर्वेत जवळपास असंच.
आइसलँडला मध्ये त ठेचकाळतो, याउर्तन.
स्वीडनला र गिळून, यॅण,
जीभ टाळूला मागं वळवून,
तोच ण, ज्याच्यासाठी मास्तरांनी माझ्या हातावर पट्टी मारली,
आणि जो बापाच्या तोंडात कधी बसलाच नाही.

आईनं घण टेकवला.
"कांब एकच. चार गावमा ठोकेल."

एइनो गप्प. त्याची भाषाच दुसऱ्या घरची.
भंगारातला नांगराचा फाळ त्यानं उचलला,
गंजावर अंगठा चोळला,
अंगठा मला दाखवला.
"राउता."

दोनशे सांगितले. पाचशे दिले. बापानं तीनशे परत केले.

धुळ्याच्या लायब्ररीत, सात वर्षांनी, कोश उघडला.
लोह म्हणजे आधी नुसतं तांबडं.
राउताही तांबडंच, शेजाऱ्यांकडून
मीठ आणावं तसं फिनलंडनं उसनं आणलेलं.
मूळ दोन्हींचं एक. म्हणजे त्या दुसऱ्या घरच्याचा शब्द
आमच्या लोखंडाचा चुलतभाऊ निघाला,
आणि येर्न ऐरणीची कुणीच नाही.

बापाला फोन केला.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"ज्यानी लिखं," म्हणाला, "त्यानी कधी ठोकं का?"

मागं आईचा घण.
दोन ठोके,
मग निखारे उकरल्याचा आवाज.