दुसरी घंटी

बावीस वर्षं एसटीत उभ्यानं काढली,
सांगली–विटा, व्हाया तासगाव.
गुडघे तेव्हा हूं की चूं करत नव्हते.
निवृत्तीचा हार गळ्यात पडला
आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी एकदम तोंड उघडलं.

हा मला विटा आगारात सापडला,
ब्रेक गेले म्हणून उभ्या ठेवलेल्या गाडीखाली,
ऑइलनं माखलेला, मुठीएवढा.
मेकॅनिक म्हणाले, मोती ठेवा. कुणी म्हणालं, शेरू.
मी म्हटलं, डबल.
एक घंटी थांबायची, दोन निघायच्या.
याला थांबायचं माहीतच नव्हतं.

एकोणीसच्या पुरात
गावभागात पाणी खिडकीला लागलं.
होडीवाला म्हणाला, आधी माणसं.
मी म्हटलं, याचं हाफ लावा.
तो हसला,
आणि हसला म्हणून त्याला घ्यावंच लागलं.

नंतर वरच्या मजल्यावर खोली घेतली.
आता तो तेरा वर्षांचा.
जिन्याच्या सातव्या पायरीवर
आम्ही दोघंही भिंतीला टेकतो
आणि एकमेकांकडे बघायचं टाळतो.

डॉक्टर मगदूम मला म्हणतात, साखर वाढलीय, रोज तासभर चाला.
जनावरांचे डॉक्टर शिकलगार त्याला म्हणतात
(म्हणजे मलाच, तो नुसती शेपूट हलवतो)
सांधे झिजलेत, फार चालवू नका.
मग आम्ही मधला थांबा शोधला,
हरिपूर रस्त्यावरची चौथी चिंच.
तिथवर त्याच्या चालीनं.
पुढं तो सावलीत बसतो
आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारते,
घाण्याला जुंपल्यासारखी.
जाणारे-येणारे बघतात.
कुंभोजकरणीनं विचारलंसुद्धा, नवस बोललाय का काही?

तासगावची जाऊ दर हंगामात बेदाणे धाडायची.
मूठभर मी खायची, चिमूटभर त्याला, लाडानं.
एका रात्री ओकून ओकून आडवा झाला.
"अहो मावशी, विष आहे ते यांना!
मूत्रपिंडं जातात!"
शिकलगार तसे शांत माणूस, पण ओरडले.
तीन दिवस सलाईन.
दवाखान्याच्या फरशीवर बसून
मी थेंब मोजत होते, जशी सीटा मोजायची,
आणि हिशेब कुठल्याच खेपेला जुळत नव्हता.
लाडानं दिलेलं पचतंच असं नाही,
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं,
माणसांच्या बाबतीतही.
तेव्हापासून घरात बेदाणा नाही,
मग शिराही नाही, मग चहातली साखरही गेली.
पथ्य त्याचं,
रिपोर्ट माझा सुधारला.

मगदूमांची सिस्टर प्रेशर बघायला आली.
एकशे साठ.
हा कोपऱ्यातून उठला, आळस दिला,
माझ्या पावलावर हनुवटी टेकवून पडला.
"परत बघू," ती म्हणाली. एकशे अडतीस.
"मशीन बिघडलंय वाटतं."
मी हो म्हटलं.
पायावर वजन पडल्यावर
कुठलं वजन उतरतं,
हे त्या बिचारीला कुठं समजावत बसू?

रात्री निर्गुंडीचं तेल कोमट करते, वाटी एकच.
आधी त्याचे मागचे पाय, उरलेलं माझ्या गुडघ्यांना.
त्यानं चाटू नये म्हणून
वरून माझे जुने मोजे चढवते,
खाकी, ड्यूटीवरचे.
मोजे घालून तो असा बसतो
जसा काही त्यालाच विट्याची पहिली गाडी घ्यायचीय.

दिवा मालवते.
अंधारात विचारते, डबल?
शेपूट फरशीवर पडते.
टप्.
आणि मग
दुसरा ठोका अलीकडं उशिरा येतो.
मी कूस बदलत नाही.
खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढतं,
ते सरतं.
दुसरा येईपर्यंत
गाडी जागची हलत नाही.