खवट

सकाळी सातला येतात, उपाशीपोटी,
हातात कापडी पिशवी.
मुरलीधर करडिले, भवानी पेठ, वय अठ्ठावन्न,
आमच्या अभ्यासातला नमुना एक्केचाळीस.
दंडाला रबरी पट्टा पुरत नाही.
मी दुसरा आणते, मांडीला बांधायचा,
तोवर ते खिडकीबाहेर बघत राहतात
रास्ता पेठेतल्या वायरी मोजल्यासारखे.
"लोक म्हणतात, तेल्याला चरबी चढली."
हसतात.
शीर सापडेपर्यंत मग हसत नाहीत.

यंत्र गरगरतं दहा मिनिटं.
ते कापूस दाबून बसलेले, सांगतात:
"बैल होता तोवर त्याच्यामागं चालायचो दिवसभर.
ब्याण्णवला मोटर बसवली,
बैल सासवडच्या बाजारात गेला,
आणि मला खुर्ची आली."
जरा थांबून,
"बैलाचं पोट कधी सुटलं नाही बघा."

नळीत लाल गाळ खाली बसलाय.
वर पिवळी निवळ यायला हवी.
आलंय ते ताकाच्या पाण्यासारखं, गढूळ.
नळी कुणाला द्यायची नसते. मी दिली.
त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली,
घाण्यावर गिऱ्हाइकासमोर बाटली धरावी तशी.
"करडई नाही. शेंगदाणाही नाही.
खवट झालंय का?"

माझ्याकडे शब्द होते:
मेदाम्लं, पामिटिक, सीआरपी.
म्हटलं, काका, कोठार भरलं
की पोती बाहेर रचावी लागतात,
रक्तात, यकृतात, जिथं जागा नाही तिथं.
शरीराला वाटतं कुणीतरी घुसलंय.
ते पोलीस धाडतं. चोर सापडत नाही,
पोलीस मात्र तिथंच चूल मांडतात.
"म्हणजे सूज?"
सूजच. पण बोटानं दाबून खळगा पडत नाही,
ताप नाही, ठणका नाही.
"मग पेंडीच्या थप्पीसारखं म्हणा की.
वरून गार. आत हात घातला
की चटका."
मी वहीत लिहायला घेतलं,
पण तसला रकाना नव्हता.

शुक्रवारी आलेख आला. कागदावर टेकड्या.
पामिटिकची पर्वतीहून उभ्या चढाची,
जवसात असतं त्या आम्लाचा
नुसता उंबरठा.
कोपऱ्यात ४१ लिहिलं.
नाव लिहायचं नसतं.

जाताना त्यांनी टेबलावर बाटली ठेवली होती,
लाकडी घाण्याचं, अर्धा लिटर.
नियमात बसत नाही, मी म्हणाले.
"नियमाला नका देऊ. घरी न्या."

आठवडाभर डब्याशेजारी पडून होती.
काल रात्री फोडणीआधी बूच काढलं,
वास घेतला. ताजं होतं.
कढई तापत होती.
मी आपलं मनगट नाकाशी नेलं
आणि उगाच हुंगत राहिले.