मूळ नंबर सांगा

दुकानाच्या पाटीवर आता एकच नंबर,
अठराशेने सुरू होणारा,
खाली बारीक अक्षरात: संपूर्ण भारतात मोफत.
जुना नंबर अभिजितने रंगाऱ्याकडून पुसून घेतला.
तरी साडेचारच्या उन्हात तिरकं पाहिलं
की शून्य-वीसमधला शून्य वर येतो.

आमचा नंबर नाना पेठेचा होता.
दोन-सहा म्हटलं की स्टेशन, लष्कर, रास्ता, आम्ही.
दोन-चार म्हटलं की टिळक रोडची माणसं,
दोन-पाच म्हणजे लकडी पूल ओलांडला.
नुसता नंबर लिहून घेताना कळायचं
मोटर आणायला हातगाडी लागेल की टेम्पो.
आकडे वाढत गेले, सहाचे सात, साताचे आठ,
टेबल तेच राहिलं, फोनखालचं फडकंही.

अठराशेला पेठ नाही.
तो बसवायला आलेला मुलगा म्हणाला,
मॅडम, हा नंबर कुठेच नसतो.
कुणी फिरवला की यंत्र वहीत बघतं
आणि तुमच्या जुन्याकडे पाठवून देतं.
मग वाजणार कोण?
तुमचाच, म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

आता भटिंड्याहून विचारतात, वाइंडिंग जळलंय, काय करू?
कटकहून कुणी आकड्यांऐवजी नुसता उसासा सांगतो.
कुठून बोलताय, विचारलं तर
अभिजितने लिहून दिलंय: ग्राहक सेवा विभाग.
विभाग म्हणजे मी, मंदाकिनी म्हसवडे,
एक स्टूल, आणि तांब्याच्या तारेचा वास.

परवा फोन आला. दहा एचपी, गिरणीची, बंद.
आवाज रिसीव्हरमधून आला
आणि खिडकीतूनही,
खिडकीतून जरासा आधी.
मी वाकून पाहिलं. समोर बोत्रे,
पिठाने पांढऱ्या भुवया, कानाला मोबाइल.
अहो बोत्रे, हाक मारायची होती!
ते माझ्याकडे बघत फोनमध्येच बोलले,
हाक फुकट आहे, पण हिची नोंद होते.
आणि वहिनी, याचे पैसे तुमच्याकडून जातात ना?
चाळीस पावलांची वाट
कुठल्याशा शहरातल्या यंत्रात जाऊन आली,
तिथल्या वहीत नाना पेठ शोधून
परत माझ्या टेबलावर.

गेल्या आठवड्यात रस्ता खणला.
जेसीबीच्या दातात आमची केबल आली
आणि संपूर्ण भारत दुपारी बारा-दहाला गप्प झाला.
भटिंडा, कटक, बोत्रे, सगळे एकदम.
अभिजित घामाघूम. जाहिरात कालच छापलेली.

लाइनमन आले, ढेकणे नावाचे, निवृत्तीला दोन महिने.
खड्ड्यात उतरून, तारांचा गुंता मांडीवर घेऊन
विचारलं, नंबर?
अभिजितने अठराशे सांगितला, अगदी ठसक्यात.
ढेकणे वर न बघता म्हणाले,
तो इथे खाली नसतो हो.
मूळ नंबर सांगा.

अभिजितला येईना.
मी पायरीवर उभी राहून सांगितला,
दोन सहा तीन पाच, आणि पुढचे चार,
ते इथे लिहीत नाही, अजून वाजतो.
खूप दिवसांनी कुणी माहेरचं नाव विचारावं
तसा सांगितला, न अडखळता.

त्यांनी दोन तारा सोलल्या, पिळल्या,
खड्ड्यातूनच ओरडले, बघा.

आत घंटा वाजत होती.
पलीकडे कुणीतरी विचारलं, कुठून बोलताय?
कागद समोरच होता.
मी म्हटलं, नाना पेठेतून.