देठ ताठ शे

एसटीच्या वर्कशॉपमधून सुटलो तेव्हा शाल-नारळ मिळाला,
आणि एक कोरं रजिस्टर मी न विचारता घरी आणलं.
पहिल्याच पानावर लिहिलंय:
शंकूफूल. बिया वीस.
पाठवणार भाचा योगराज, बंगळुरू.
अवस्था: झोपलेल्या.

पाकिटावर म्हटलं होतं, यांना आधी थंडी दाखवा.
देवपुरात ऑक्टोबरात कुठून आणायची थंडी?
ओल्या रेतीत कालवून, स्टीलच्या डबीत,
फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे
सहा आठवडे ठेवल्या.
मथुराने डबी दोनदा उघडली.
एकदा करडई समजून,
एकदा मी ठीक आहे ना, ते बघायला.

वीसातल्या अकरा उगवल्या.
आमची काळी माती त्यांना सोसत नाही:
पावसात पाय धरते, उन्हात भेगाळते.
पांझरेची रेती आणली, तीन घमेली.
मुरूम. जुनं शेणखत, चिमूटच,
माजावर आली तर नुसती पानंच देतात म्हणे.
ग्रीसचा पिंप आडवा कापला, बुडाला भोकं पाडली
ड्रिलनं, सोळा.
इंजिनलासुद्धा श्वास घ्यायला जागा लागते,
हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पहिलं वर्ष काहीच नाही.
खरखरीत पानं, जमिनीला धरून,
मांजराच्या जिभेसारखी.
मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला
आणि पानं करपून कागद झाली.
रजिस्टरात मी लिहिलं: ब्रेकडाउन.
तरी हिरव्या जाळीखाली
सकाळी एक तांब्या, एकच,
सवयीनं घालत राहिलो.
मुळं खोल असतात, असं वाचलं होतं.
खोल म्हणजे किती, ते वरून दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी होळीनंतर पहिलं बोंड.
मधोमध तांबूस काट्यांचा घुमट,
भोवती जांभळट पाकळ्या.
चार दिवसांत त्या खाली लोंबल्या.
मी घाबरलो. पाणी दिलं.
संध्याकाळी परत दिलं.
आठवडाभर देत राहिलो.
तीन झाडं मुळाशी काळी पडून गेली,
आणि रजिस्टरात लिहायला
मला शब्द सापडेना.

शेजारच्या हिरकणबाई,
चाळीस वर्षं पाचकंदीलला वांगी विकलेल्या,
कुंपणापलीकडून रोज विचारायच्या:
हाई काय शे, भाऊ? देवले चालस का?
माहीत नाही.
भाजी व्हस का?
नाही.
मंग कसाले एवढं?

त्या दिवशी मात्र फाटकातून आत आल्या.
पाकळ्यांकडे बघितलंही नाही.
दोन बोटांत देठ धरला,
वांग्याचा धरतात तसा, हलकेच दाबला,
काट्यांवरून अंगठा फिरवला.
देठ ताठ शे, म्हणाल्या.
पानी बंद कर. ते तसंच ऱ्हास.

ते तसंच असतं.
वाकणं ही त्याची तक्रार नाही.
छत्तीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून
कुठल्या गाडीचं काय बिघडलंय ते सांगायचो,
आणि न बिघडलेली एक गोष्ट
मला ओळखता आली नाही.

आता आठ उरलीत.
सुकलेली बोंडं मी कात्रीनं कापत होतो,
नीटनेटकं दिसावं म्हणून.
दोन चुकून राहिली, पिंपामागची.
परवा दुपारी त्यांवर मुनियांची टोळी उतरली,
देठ हिंदकळले,
काट्यांतून एकेक दाणा ओढून
टरफलं माझ्या चपलेवर टाकत
त्यांनी सावकाश जेवण उरकलं.

मथुराने कात्री उचलून शिवणाच्या डब्यात ठेवली.
विचारलं नाही. मीही बोललो नाही.

हिरकणबाईंना एक रोप हवंय.
तिसऱ्या वर्षी गड्डा फोडून देईन म्हटलं,
थंडीत, मुळासकट, रेतीसकट.
त्या म्हणाल्या, मन्हाकडे पिंप नही.

भोकं पाडायला घेतलंय.
बारावं चालू आहे.