पान एकसष्ट

रद्दीवाला ताजणे आता मला चहा पाजतो.
झिंगराबाईचं पुस्तक आलं की
तराजूत टाकत नाही, बाजूला ठेवतो,
आणि दर वेळी तेच विचारतो,
"एकच पुस्तक कितीखेप वाचता, भाऊ?"

मी आधी मुखपृष्ठ बघतो.
पतंगाच्या कागदासारखं गुलाबी असेल तर पहिली आवृत्ती,
किंमत साडेतीन रुपये, प्रती एक हजार.
निळं असेल तर दुसरी. ती मी घेत नाही.
निळीत सगळं बरोबर आहे.

मग, बोटाला थुंकी न लावता, पान एकसष्ट.

तिथं माझी चूक आहे.
एकोणीस वर्षांचा होतो, तुमसरच्या छापखान्यात जुळारी.
बिडीच्या संपाचं प्रकरण, दहा पॉइंटचे खिळे,
बाई बोललेल्या, शहारे गुरुजींनी लिहून घेतलेलं :
'सट्टेदारापुढं आम्ही हात पसरले नव्हते.'
मुद्रितं तपासणारा साळ्याच्या लग्नाला गोंदियाला गेलेला.
मी जुळवलं, हात पसरले होते.
मुद्दाम नाही.
हात पसरले म्हटलं की पुढं होते येतं,
आमच्या घरात तरी तसंच यायचं.
बोटांनी डोक्याला विचारलंच नाही.

हजार प्रती गेल्या.
बिड्यांच्या हजारातून सट्टेदार छाट काढायचा,
ही ढिली, ही फुटकी, ही उगाच.
माझ्या हजारात सगळीच छाट.

छापखाना मोडला, खिळे भंगारात गेले,
तेव्हा शोधायला लागलो. खरं सांगायचं तर
नाहीशा करायला.
परसात चूल होती, बाटलीत रॉकेल होतं.

पहिली सापडली मोहाडीला, शाळेच्या बाद पुस्तकांत.
होतेवर काट, वर निळ्या शाईत नव्हते,
मास्तरी अक्षर, बाजूला सहीसुद्धा,
जसं काही हजेरीपत्रक.
पवनीची लग्नात आहेर म्हणून दिलेली,
तिथं पेन्सिल, इतकी दाबून
की त्रेसष्टव्या पानावरही वळ.
लाखांदूरची पुरात भिजून फुगलेली,
खुणेला तेंदूचं पान,
आणि पेटत्या बिडीच्या टोकानं होते जाळलेलं.
भोकातून पुढच्या पानाचं एक अक्षर दिसतं, 'ळ'.
अड्याळच्या म्हातारीला वाचता येत नव्हतं.
तिनं लेकीकडून ओळ शोधून घेतली
आणि भाताच्या शितानं चिकटवला त्यावर
बिडीच्या कट्ट्याचा कागद, उलटा, कोरा.
"खोटं कायले दिसू द्याचं?" म्हणाली.
पैसे घेतले नाहीत. पुस्तकही देत नव्हती,
तीनदा जावं लागलं.

ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.
रॉकेल मी कंदिलात ओतलं.

सत्तावीस झाल्या. धानाच्या रिकाम्या कोठीत,
वर निंबाचा पाला, तरी कसर लागतेच.
बायको म्हणते, यापेक्षा तांदूळ बरा, निवडून खाता येतो.

मागल्या मंगळवारी बाईंची स्वतःची प्रत आली.
नातू घेऊन आला, देवानंद, तिरोड्याला वीज खात्यात आहे.
गुलाबी. पाठ सुटलेली, दोऱ्यानं शिवलेली.
मी चष्मा पुसला. पान एकसष्ट :
काट नाही, डाग नाही, होते तसंच.
म्हटलं, बाईंनी वाचलंच नसेल,
अक्षरं त्यांना उशिरा आली.

"वाचलं ना," तो म्हणाला. "बोट ठेवून ठेवून.
हासली आजी. म्हने, राहू दे,
पयल्या वर्सी पसरलेच होते.
गुरुजीले सांगाची लाज वाटली.
पन छापनाऱ्याले कसं मालूम?"

त्याला मी कोण ते सांगितलं नाही.
पाणी दिलं, गूळ दिला, बसस्टॉपपर्यंत गेलो.

ती प्रत अजून कोठीत ठेवलेली नाही.
टेबलावर आहे, उघडी, वर अडकित्ता,
पंख्यानं पान उलटू नये म्हणून.

सकाळी ताजणेचा फोन होता.
साकोलीहून पोतं उतरलंय,
तळाशी काही गुलाबी दिसतं म्हणतो.