हजेरी

गुरुवार, दुपारी तीन ते पाच.
राज्यशास्त्र अधिविभाग, वरचा मजला, लांबट टेबल.
चार क्रेडिटचा सेमिनार, विषय : प्रतिनिधित्व.
आम्ही सातजण.
म्हणजे कागदावर.

खिडकीखाली विद्यापीठाचा मोर ओरडतो
भलत्याच वेळी, मुद्दा खोडून काढल्यासारखा.
घोरपडे मॅडम थांबतात, त्याचं होऊ देतात,
मग म्हणतात :
जो इथे नाही त्याला इथे आणणं,
तूर्त एवढीच व्याख्या धरा. पुढे मोडूच.

नेमका तेव्हाच हजेरीचा कागद माझ्यापुढे आला.
मी माझी सही केली
आणि पेन जरा तिरकं धरून
खोताची.

दत्ताजी खोत, माझा रूम पार्टनर.
गळीत संपेपर्यंत कारखान्याच्या काट्यावर रात्रपाळी,
दिवसभर कॉटवर पालथा, केसांत मळीचा वास.
त्याची सही सोपी आहे. शेवटी एक लाट.

यास्मिन मुजावर पेपर वाचत होती :
शिरोळ तालुक्यातल्या अकरा बाई सरपंच,
पैकी आठजणींच्या मुलाखतीत नवराच बोलला.
'एकीनं चहा आणला,' यास्मिन म्हणाली,
'आणि कप ठेवताना हळूच विचारलं,
तुमच्या वहीत माझं नाव कसं लिवलंय.
हे मी तळटीपेत घातलंय.'

मॅडम म्हणाल्या, 'वर घ्या.'

मी टेबलावरचा शाईचा डाग बघत बसलो.
आई ग्रामपंचायतीत दुसऱ्यांदा सदस्य,
आणि तिची सही करतो मी, दहावीपासून.
आबांनी रजिस्टर सरकवलं होतं पुढ्यात :
'तुझं अक्षर वळणदार हाय. मार.'
आई चुलीपुढं होती, तिचे हात पिठाचे होते.
हात पिठाचे होते,
हे मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं,
भाकरी नसलेल्या दिवशीसुद्धा.

मॅडमनी कागद उचलला.
माणसं मोजली. पुन्हा कागद.
'खोत,' त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या,
'तुमचं मत?'

'मॅडम, तो...'

'सही केलीत ना त्यांच्या वतीनं? मग बोला.'

खोताचं मला सगळं माहीत आहे.
चपलेचा नंबर, मेसची उधारी,
काट्यावर ट्रॉलीमागं किती वजन मारतात
ते तो एकदा झोपेत बडबडलाय, तेही.
पण मत?
दोन वर्षं एका खोलीत,
एका बादलीत दोघांचे कपडे,
मी त्याला कधी कशाबद्दल काही विचारलेलंच नाही.

'त्याला झोप आली असेल,' मी म्हणालो.
'ही माहिती झाली,' मॅडम म्हणाल्या.
खोताच्या सहीवर त्यांनी काट मारली नाही.
शिसपेन्सिलीनं भोवती गोल केला फक्त,
आणि तो गोल
मला पाचपर्यंत दिसत राहिला.

संध्याकाळी सायबर चौकातनं घरी फोन केला.
'आई, पाइपलाइनीच्या ठरावावर तुझं काय म्हणणं?'
'कुठला ठराव?'
'तू सही केलेला.'

बराच वेळ नुसता गोठ्यातला आवाज.
साखळी. शेपटी. धार थांबलेली.

मग म्हणाली,
'खालच्या आळीपासनं काढाय पायजे हुती.
वरनं काढली तर पवारणीच्या दारात थेंब यायचा न्हाई.
मोजलंय मी. घागरीनं.'
आणि पुढं बोलतच राहिली,
डोंगराकडची टाकी, मोटरीचं बिल, ठेकेदाराचा मेव्हणा,
तेवीस मिनिटं.
मध्ये आबा ओरडले, 'कुणाशी बोलाय लागलीयास एवढं?'
ती थांबली नाही.

खोत साडेनऊला उठला, पाळीला जायला.
शर्ट शोधत म्हणाला, 'काय झालं रं तासाला?'
'तुझं मत विचारलं.'
'माझं?'
एका बाहीत हात, दुसरी लोंबत,
तो तसाच उभा.
'मग? काय म्हटलं मी?'