कारण अज्ञात

फायलीत एकेचाळीस फोटो निघाले.
समोरच्या घराच्या चौथ्या मजल्यावरून, पडद्याच्या फटीतून,
लाइपझिग, हिवाळा, सत्त्याऐंशी साल.
खाली टंकलेलं :
१६.१२ – बाई कांदे घेऊन परतते.
१६.१४ – दारात हसते. कारण अज्ञात.

रोस्विता म्हणाली, राग नंतर आला.
आधी वाटलं, किती छान दिसत होते मी.
लग्नाच्या फोटोतही मान अशी नाही,
आईनं काढलेल्यांत तर डोळे कायम मिटलेले.
काढणाऱ्याचं नाव काळ्या शाईखाली.
हे सांगायचं कुणाला,
आणि कुठल्या तोंडानं?

म्हणून आता, अडुसष्टाव्या वर्षी,
तिनं तोच मजला महिनाभर भाड्यानं घेतला.
तसाच कोट शिवला, बटणं मात्र तशी मिळेनात.
फोटोंच्या कोनावरून त्याची उंची काढली,
माझी भरली तेवढीच.
"तू काही काढायचं नाहीस, योर्न.
फटीमागं नुसतं उभं राहायचं."
रिमोट तिच्या खिशात.
ती चालते, थांबते, खिशात अंगठा हलतो,
इथं माझ्या हनुवटीखाली कॅमेरा
खट् करतो.

चाळीस झाले.
संध्याकाळी ती एकेक तपासायची,
मान चुकली की उद्या पुन्हा तोच रस्ता, तेच कांदे.
हसण्याचा तेवढा जमेना.
नऊ दिवस ती दारात उभी राहून हसली,
नऊही दिवस तिला कारण ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी पिशवीचा बंद तुटला.
कांदे फरसबंदीवरून थेट ट्रामच्या रुळांकडे.
एक पोरगा गोलकीपरसारखा एकावर झेपावला,
कांदा निसटला, टोपी हातात आली,
आणि ती कमरेत वाकून, दोन्ही हात मोकळे सोडून
हसत सुटली.
खिसा नुसता लोंबत होता.

कॅमेऱ्यावरचं बटण माझ्या बोटापासून
नखाएवढं लांब.
मी दाबलं नाही.
दिलेला शब्द पाळला, असं बरेच दिवस धरून चाललो.
खरं तर
नजर काढवेना.

प्रदर्शनात एकेचाळिसावी चौकट रिकामी आहे.
लोक तिच्यापुढंच जास्त रेंगाळतात.
रोस्विता अजून अधूनमधून विचारते,
त्या दिवशी कशी दिसत होते रे मी?

मी म्हणतो, आठवत नाही.